पराचा कावळा करताना: वाटेत सापडलेले अंगावरचे पीस कावळ्याचे आहे का, हे कसे ओळखावे

क्षुल्लक गोष्टीचा बाऊ करणाऱ्याला ‘उगाच पराचा कावळा करू नकोस’ असे बजावण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पडलेल्या पिसावरून पक्षी ओळखू पाहणाऱ्याला मात्र अक्षरशः तेच करायचे असते, आणि ते वाटते तितके सोपे नसते. गच्चीवर, अंगणात किंवा रस्त्याकडेच्या वर्षावृक्षाखाली बोटभर लांबीचे काळे पीस दिसले की बहुतेक जण ते कावळ्याचे ठरवून मोकळे होतात. कावळा सगळीकडे असतो आणि तो काळा असतो, एवढ्या दोनच गोष्टींवर हा निकाल लागलेला असतो.

पंखाचे किंवा शेपटीचे लांब पीस असेल तर असा निकाल सहसा बरोबरही निघतो, कारण वीतभर लांबीचे, जाड काळ्या कण्याचे आणि एका बाजूला अरुंद तर दुसऱ्या बाजूला रुंद पाते असलेले पीस शहरात कावळ्याखेरीज फारशा पक्ष्यांचे असू शकत नाही. कावळ्याच्या प्रत्येक पंखात अशी दहा मुख्य उड्डाणपिसे असतात आणि शेपटीत बारा पिसे असतात. अंगावरच्या पिसांची गोष्ट वेगळी आहे. ती हजारोंनी असतात, मानेपासून पोटापर्यंत आकाराने आणि रंगाने बदलत जातात, आणि कोकीळ, कोतवाल, भारद्वाज इतकेच काय तर शेजारच्या खुराड्यातली काळी कोंबडीसुद्धा त्यांच्याशी मिळतीजुळती पिसे टाकत असते. अशा पिसाच्या बाबतीत काळा रंग हा सर्वांत दुबळा पुरावा असून, पक्षी जिवंत असताना जो भाग आपल्याला कधीच दिसत नाही, तो पिसाच्या बुडाकडचा मऊ, राखाडी भागच अधिक भरवशाची साक्ष देतो, असे माझे मत आहे. पुढचे सगळे विवेचन या एका गोष्टीभोवती आहे.

महाराष्ट्रात आणि गोव्यात नेहमी दिसणारे कावळे दोन. मान, पाठीचा वरचा भाग आणि छाती राखाडी असलेला, साधारण ४० ते ४३ सेंटीमीटर लांबीचा तो गावकावळा. आणि त्याहून मोठा, जाड चोचीचा, सर्वांगाने काळा तो डोमकावळा. ‘कावळ्याचे पीस’ म्हणजे या दोहोंपैकी एकाचे, असे येथे गृहीत धरले आहे.

हात लावण्याआधी

पीस उचलण्यापूर्वी ते पडलेल्या स्थितीत, शेजारी मोजपट्टी ठेवून, एक छायाचित्र घ्यावे. मोजपट्टी नसेल तर पेनाचे टोपण चालते, फक्त ते घरी गेल्यावर मोजता आले पाहिजे. आसपास आणखी पिसे आहेत का, हे त्याच वेळी पाहून घ्यावे. एकटेदुकटे पीस पडलेले असेल आणि त्याचा देठ कोरडा, स्वच्छ व टोकाशी मिटलेला असेल, तर ते बहुधा पिसे झडण्याच्या काळात आपोआप गळलेले असते. एकाच जागी मूठभर पिसे विखुरलेली असतील, तर तेथे कोणीतरी पक्षी मारला आहे असे समजावे. शिकारी पक्षी पिसे उपटतो, त्यामुळे ती अखंड राहतात. मांजर किंवा मुंगूस ती चावून तोडते, त्यामुळे कणे कुरतडलेले दिसतात आणि पिसे लाळेने एकमेकांना चिकटलेली असतात. अशा पुंजक्यात पंखाचे एखादे पीस मिळाले तर अंगावरच्या पिसांचे कोडे आपोआप सुटते, म्हणून पुंजका दिसल्यास आधी लांब पिसे शोधावीत.

पिसाला उघड्या हाताने हात न लावता प्लास्टिकची पिशवी उलटी करून हातमोज्यासारखी वापरावी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. २०२१ च्या जानेवारीत देशातील अनेक राज्यांत बर्ड फ्लूने कावळे मेले होते आणि त्याच महिन्यात परभणी जिल्ह्यातील कोंबड्यांतही तो रोग आढळला होता, हे लक्षात ठेवलेले बरे. आसपास एकाहून अधिक कावळे मरून पडलेले दिसले तर पीस ओळखण्याचा नाद सोडून पशुसंवर्धन विभागाला कळवावे.

पीस घरी नेऊन जमवण्याचा मोहही आवरावा. ‘कावळ्याला कसला आलाय कायदा’ असे आपण ऐकत आलो, आणि त्यात तथ्यही होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये गावकावळ्याची गणना उंदीर-घुशींबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत केलेली होती. परंतु २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच रद्द केली आणि ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, त्यामुळे जुना समज आता धरून चालता येणार नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी तर अधिकच सावध असावे, कारण तेथील १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याच्या कक्षेत १९७२ पासून कावळेही आले असून, जमिनीवर पडलेले पीस नुसते जवळ बाळगणेदेखील त्या कायद्याने निषिद्ध आहे. पाहणी करावी, मापे घ्यावीत, छायाचित्रे काढावीत आणि पीस जेथे होते तेथेच ठेवावे, हा सर्वांत सरळ मार्ग आहे. त्यासाठी लागणारे साहित्य खिशात मावते: मोजपट्टी, दहापट मोठे दाखवणारे भिंग, पांढऱ्या आणि काळ्या कागदाचा एकेक तुकडा.

हे पीस अंगावरचेच आहे का

पिसाचे भाग आधी ओळखीचे करून घेऊ. कातडीत रुतलेला, पोकळ आणि अर्धपारदर्शक तो देठ. तोच पुढे भरीव होऊन टोकापर्यंत जातो तेव्हा त्याला कणा म्हणू. कण्याच्या दोन्ही बाजूंनी तिरपे निघतात ते तंतू, आणि प्रत्येक तंतूला पुन्हा दोन्हीकडून उपतंतू फुटलेले असतात. पिसाच्या वरच्या भागात या उपतंतूंना डोळ्यांना न दिसणारे आकडे असतात आणि ते शेजारच्या तंतूच्या उपतंतूंत अडकून बसतात, त्यामुळे सगळे मिळून विणलेल्या कापडासारखे एकसंध पाते तयार होते. बुडाकडच्या भागात हे आकडे नसतात, म्हणून तेथे पाते न बनता कापसासारखी मोकळी लव राहते. पाते विस्कटलेले असेल तर चिमटीत धरून बुडाकडून टोकाकडे दोन-चार वेळा हलकेच ओढावे. आकडे पुन्हा अडकतात आणि पीस पूर्ववत होते. पावसात भिजलेले पीस मात्र आधी पूर्ण वाळू द्यावे, कारण ओली लव कण्याला चिकटून बसते आणि पीस प्रत्यक्षात आहे त्याच्या निम्मेच रुंद व दुप्पट काळे दिसते.

अंगावरचे पीस कण्याच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखे असते, त्याचे टोक गोलसर असते आणि बाजूने धरल्यास ते उथळ पळीसारखे वाकलेले दिसते. हा बाक पक्ष्याच्या अंगाच्या गोलाईला धरून असल्यामुळे आतली, म्हणजे कातडीकडची बाजू कोणती हे त्यावरून लगेच कळते, आणि पुढच्या तपासणीसाठी ते कळणे आवश्यक आहे. पीस सरळ, ताठ व एका बाजूला स्पष्टपणे अरुंद असेल आणि बुडाशी लव नाममात्र असेल, तर ते पंखावरच्या झाकणपिसांपैकी असण्याचा संभव जास्त.

टोक सोडून बुडाकडे पाहावे

आता एक पीस जवळून पाहू. आषाढातल्या एका सकाळी, रात्रभर पाऊस पडून गेल्यावर, आमच्या जिन्याच्या खिडकीत मला हे पीस मिळाले. वाळवून मोजले तेव्हा त्याची सरळ लांबी ५८ मिलिमीटर भरली. त्यात देठाचा उघडा भाग ६ मिलिमीटर, त्यावर २८ मिलिमीटर लव आणि टोकाकडचे घट्ट पाते अवघे २४ मिलिमीटर. म्हणजे लांबून ‘काळे पीस’ म्हणून जे दिसत होते, त्याचा निम्म्याहून कमी भाग खऱ्या अर्थाने काळा होता. पांढऱ्या कागदावर ठेवल्यावर लवेचा रंग मळकट राखाडी दिसला. ना तो शुभ्र होता, ना कोळशासारखा काळा. महत्त्वाचे म्हणजे काळा आणि राखाडी यांच्यामध्ये कोठेही रेघ नव्हती. टोकापासून खाली येताना काळेपणा दोन-तीन मिलिमीटरांत उतरत, आधी काळपट तपकिरी आणि मग राखाडी होत गेला होता. कणाही तसाच: पात्यात काळा, लवेत फिकट तपकिरी आणि देठाशी काचेसारखा.

टोकाचे पाते उन्हात तिरपे धरून सावकाश फिरवले तेव्हा एका विशिष्ट कोनात त्यावर निळसर-जांभळी झाक उमटली आणि कोन बदलताच नाहीशी झाली. ही झाक वेगळ्या रंगद्रव्याची नसते. काळेपणा मेलॅनिन या रंगद्रव्याचा असतो, आणि उपतंतूंच्या पृष्ठभागावरील केराटिनचा (पिसे ज्या प्रथिनाची बनतात त्याचा) पातळ थर व त्याखालचे मेलॅनिनचे कण यांच्यामुळे प्रकाशाचे जे परावर्तन होते, त्यातून साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे रंग दिसतात. झाक फक्त पिसाच्या उघड्या टोकापुरतीच होती आणि शेजारच्या पिसाखाली झाकला जाणारा भाग निस्तेज होता. पाठीमागून मोबाइलचा दिवा लावला तरी काळा भाग अपारदर्शकच राहिला, राखाडी लव मात्र उजळून निघाली.

यानंतर पीस उलटे करून, जेथे देठ संपतो आणि पहिले तंतू फुटतात, त्या ठिकाणी भिंगाने पाहिले. पुष्कळ पक्ष्यांत येथे मुख्य पिसाच्या मागे एक दुय्यम, लहान पीस असते. त्याला आपण जोडपीस म्हणू. माझ्या पिसावर ते नावालाच होते: कण्याविना, चार-सहा लांबट मऊ तंतूंचा झुबका. कावळा ज्या गणात मोडतो त्या चिमण्या-साळुंक्यांच्या गणातील पक्ष्यांत जोडपीस असे दुर्बलच असते. हे निरीक्षण क्षुल्लक वाटले तरी पुढे कोंबडीच्या बाबतीत ते निर्णायक ठरते.

बुडाच्या रंगाला एवढे महत्त्व का द्यायचे, याचे उत्तम उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. तेथे सर्वांगाने काळ्या अशा कावळ्यांच्या पाच स्थानिक जाती आहेत आणि दुरून त्या एकमेकींपासून वेगळ्या करणे जाणकारांनाही जड जाते. परंतु पक्षी हातात असताना मानेची पिसे फुंकून बाजूला केली, तर दोन जातींत पिसांची बुडे बर्फासारखी पांढरी दिसतात आणि उरलेल्या तिघींत ती राखाडी असतात. वरून एकसारखे काळे, आतून निरनिराळे! आपल्या दोन्ही कावळ्यांच्या पिसांचे बूड राखाडी असते. म्हणून काळ्या पिसाचे बूड स्वच्छ पांढरे निघाले, तर ते कावळ्याचे नसावे असे मानूनच पुढे जावे.

राखाडी पिसाचा चकवा

कावळ्याचे पीस काळेच असणार, या समजामुळे उलटी चूकही होते, आणि ती मी स्वतः केलेली आहे. शेजारची सहावीतली मुलगी प्रकल्पाच्या वहीसाठी एक मंद राखाडी पीस घेऊन आली, तेव्हा मी क्षणाचाही विचार न करता ते पारव्याचे म्हणून सांगितले आणि तिने तसे सुवाच्य अक्षरात लिहूनही टाकले. आठवड्याभराने रोहित्राच्या तारांना चिकटून एक गावकावळा मेला. तो खाली पडला असताना काडीने त्याच्या मानेवरची पिसे बाजूला केली, तर एकेक पीस हुबेहूब त्या वहीतल्यासारखे. ‘काका, मग वहीतलं खोडू का?’ या प्रश्नाला मला हो म्हणावे लागले.

तेव्हापासून राखाडी पिसाला मी तीन गोष्टी विचारतो. पहिली म्हणजे रंगाची जात. पारव्याच्या राखाडीत निळसरपणा असतो, तर गावकावळ्याच्या मानेचा राखाडी रंग धुळकट, किंचित तपकिरीकडे झुकणारा असतो. दोन्ही ढगाळ उजेडात पांढऱ्या कागदावर ठेवले तर फरक कळतो, पिवळ्या दिव्याखाली कळत नाही. दुसरी गोष्ट भुकटीची. पारवे आणि कबुतरे यांच्या पिसांवर पिठासारखी बारीक भुकटी असते, त्यामुळे कोरडे पीस काळ्या कागदावर हलकेच दाबून उचलले की तेथे पांढुरका ठसा उमटतो. कावळ्याचे पीस असा ठसा सोडत नाही. पावसाने धुतलेल्या पिसावर ही चाचणी अर्थातच निरुपयोगी ठरते. तिसरी गोष्ट कण्याची: कबुतराच्या अंगावरच्या पिसाचा कणा बुडाशी चांगला जाड असतो आणि टोकाकडे झपाट्याने निमुळता होतो, तर कावळ्याचा कणा मुळातच सडपातळ असून सावकाश बारीक होत जातो. पारव्याच्या मानेचे पीस हिरव्या-जांभळ्या रंगाने झळकते, त्यामुळे त्याबद्दल घोटाळा होत नाही. घोटाळा होतो तो पाठीच्या आणि पोटाच्या पिसांत.

जवळचे उमेदवार

काळ्या पिसाच्या बाबतीत पहिला संशय मी काळ्या कोंबडीचा घेतो. गावठी काळी कोंबडी तर पूर्वीपासून आहेच, शिवाय मध्य प्रदेशातल्या झाबुआची कडकनाथ आता महाराष्ट्रातही ठिकठिकाणी पाळली जाते, आणि तिची हिरवट चमक मारणारी काळी पिसे वाऱ्याबरोबर कोठेही जाऊन पडतात. येथे जोडपीस कामाला येते. कोंबडीच्या अंगावरचे पीस उलटे केले की मुख्य कण्याला चिकटून दुसरे, स्वतःचा बारीक कणा असलेले, लवदार आणि लांबीला मुख्य पिसाच्या निम्म्यापर्यंत किंवा त्याहूनही मोठे असे पीस स्पष्ट दिसते. ते दिसले की कावळ्याचा विचार सोडून द्यावा. ज्यांना हा फरक एकदा डोळ्यांनी पाहून ठेवायचा असेल, त्यांनी कोंबडीच्या दुकानाबाहेर पडलेले कोणत्याही रंगाचे पीस उलटून पाहावे. जोडपीस सर्व कोंबड्यांत सारखेच असते.

कोतवाल लवकर बाद होतो, कारण कावळ्याच्या तुलनेत तो फारच लहान पक्षी आहे आणि त्याच्या अंगावरची पिसे इंचभराच्या आसपासची असतात. तेवढेच लहान पीस कावळ्याच्या डोक्यावरही असते, हे खरे; पण इंचभर पिसावरून मी तरी कोणताही निकाल देत नाही. भारद्वाजाच्या डोक्या-मानेची व छातीची पिसे काळी आणि झळाळदार असली तरी त्यांचे कणे कडक आणि चकचकीत असतात. बोटाने उलट दिशेने कुरवाळल्यास ती खरखरीत लागतात. तळ्याकाठी किंवा पाणकावळ्यांच्या वसतीच्या झाडाखाली सापडलेल्या पिसाबद्दल जागेवरूनच शंका घ्यावी. पाणकावळ्याच्या नावात कावळा असला तरी त्याचा कावळ्याशी काही संबंध नाही, आणि त्याच्या पिसाचा मधला भाग घट्ट विणीचा व कडा मोकळ्या, पाणी शोषणाऱ्या असतात. उन्हाने विटलेले तपकिरी पीस घारीचे वाटू शकते. घारीच्या पिसावर बहुधा कण्यालगत गडद रेघ आणि कडेला फिकट किनार असते, विटलेल्या काळ्या पिसावर अशी रेघ नसते.

खरा पेच नर कोकिळाचा आहे. तो आकाराने गावकावळ्याच्या जवळपास जातो, सर्वांगाने काळा असतो, आणि त्याची मादी गावकावळ्याच्या घरट्यात अंडी घालत असल्यामुळे दोघेही त्याच हंगामात त्याच झाडावर असतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडावी, तसे कावळ्याच्या घरट्याखाली कोकिळाचे पीस मिळणे हा अगदी नेहमीचा योग आहे. कोकिळाची झाक निळसर-हिरवी असते आणि पाते हाताला अधिक मऊ लागते, पण एवढ्यावरून एका सुट्या पिसाचा निर्णय करू नये. आसपास मादीचे तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांचे पीस आहे का, किंवा दोघांपैकी कोणाचे तरी पंखाचे पीस आहे का, ते शोधावे. न मिळाल्यास नोंद अर्धवट ठेवावी.

गावकावळा की डोमकावळा

पीस कावळ्याचेच आहे असे ठरल्यावर हा प्रश्न येतो. मंद राखाडी पीस असेल तर उत्तर एकच, गावकावळा. डोमकावळ्याच्या अंगावर उघडा राखाडी भाग नसतो. काळे पीस मात्र दोघांचेही असू शकते, कारण गावकावळ्याचे कपाळ, माथा, गळा, पंख आणि शेपूट काळीच असते. त्यातल्या त्यात असे म्हणता येते की अंगावरचे मोठे, रुंद आणि पुरेपूर काळे पीस पाठीचे किंवा पोटाचे वाटत असेल, तर डोमकावळ्याची बाजू वरचढ ठरते, कारण गावकावळ्याच्या पोटाचा काळेपणा असा पुरा नसतो, तो धुरकट असतो. लांबट, भाल्याच्या पात्यासारखे टोकदार काळे पीस डोमकावळ्याच्या गळ्याचे असू शकते. लांबीच्या आकड्यावर फार विसंबू नये. एकाच पक्ष्याच्या मानेचे आणि पाठीचे पीस यांत दोन कावळ्यांत असतो त्याहून जास्त फरक पडतो.

पिसाच्या अवस्थेवरून आणखी थोडे कळते. आपल्याकडे कावळ्यांची वीण मुख्यतः उन्हाळ्यात व पावसाळ्याच्या सुरुवातीला होते आणि पिल्ले उडाल्यावर मोठे पक्षी पिसे टाकू लागतात. त्यामुळे आषाढापासून भाद्रपदापर्यंत सापडणारी पिसे बहुतांशी वर्षभर वापरलेली, कडा झिजलेली आणि टोकाशी तपकिरी पडलेली असतात. पितृपक्षात पिंडाला शिवायला येणाऱ्या कावळ्यांच्या माना खप्पड आणि विस्कटलेल्या दिसतात, त्यामागेही बहुधा हीच पिसे बदलण्याची धांदल असते. पाते झिजलेले नाही, तरीही निस्तेज आहे आणि कोणत्याही कोनात झाक देत नाही, असे पीस त्या वर्षीच्या पिल्लाचे असण्याचा संभव धरावा. पात्यावर आडव्या, फिकट-गडद अशा एकाआड एक पट्ट्या तिरप्या उजेडात दिसल्या, तर त्या पिसाच्या वाढीच्या असतात. गडद-फिकट अशी एक जोडी म्हणजे ढोबळमानाने एक दिवस. तंतू विरळ होऊन रेघेसारखी फट पडलेली असेल, तर पीस वाढत असताना पक्ष्याला उपासमार किंवा तशीच काही ओढ सोसावी लागली होती, असे समजतात.

भिंगाच्या पलीकडे

शाळा-महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक वापरायची सोय असेल, तर लवेतला एकच तंतू काचपट्टीवर ठेवून पाहावा. पाते मुद्दाम टाळावे. लवेच्या उपतंतूंवर बांबूच्या पेरांसारख्या गाठी असतात आणि त्यांचा आकार व मांडणी पक्ष्यांच्या गणागणांत वेगळी असते: बदकांत त्या त्रिकोणी असतात, कोंबडीवर्गात कडीसारख्या, तर कबुतरांत फुलाच्या पेल्यासारख्या पसरट. या गाठींवरून पक्षी ओळखण्याचे शास्त्र अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेत रॉक्सी लेबोर्न यांनी उभे केले. ४ ऑक्टोबर १९६० रोजी बोस्टनहून उडालेले एक प्रवासी विमान पक्ष्यांच्या थव्यात शिरून कोसळले आणि ६२ जण दगावले, तेव्हा इंजिनात सापडलेल्या पिसांच्या अवशेषांवरून ते पक्षी युरोपीय साळुंक्या असल्याचे त्यांनी ओळखले होते. चिंधड्या झालेल्या पिसांत बाकी काही शाबूत नसले तरी लवेचे बारीक तुकडे उरतात. कावळा आणि साळुंकी यांना मात्र या पद्धतीने वेगळे करण्याच्या फंदात घरगुती निरीक्षकाने पडू नये, कारण दोघेही एकाच गणातले. कोंबडी किंवा कबूतर वगळण्यापुरता तिचा उपयोग करावा.

नोंद

नोंदीत तारीख, जागा, झाड किंवा इमारत, पिसाची सरळ लांबी, त्यातील पाते आणि लव यांची वेगवेगळी मापे, लवेचा रंग, झाकेचा रंग, जोडपिसाची स्थिती आणि भुकटीचा ठसा उमटला की नाही, एवढे असावे. छायाचित्रे किमान तीन: बाहेरची बाजू, आतली बाजू आणि देठाजवळचा भाग. पहिली दोन पांढऱ्या कागदावर, सावलीत, कॅमेऱ्याचा झोत न वापरता काढावीत. झोतामुळे काळे पीस करडे दिसते आणि झाक खोटी येते. भारतातील पिसांच्या नोंदींसाठी २०२१ मध्ये ‘फेदर लायब्ररी’ नावाचा संकेतस्थळावरील संग्रह सुरू झाला आहे, परंतु त्याचा भर पंखांच्या व शेपटीच्या पिसांवर असल्यामुळे अंगावरच्या पिसासाठी तुलना करताना आपल्या परिसरातल्या आपल्याच जुन्या नोंदी अधिक उपयोगी पडतात.

शेवटच्या रकान्यात निष्कर्ष लिहिताना मी तीनच शब्दप्रयोग वापरतो. बूड राखाडी, काळ्यापासून राखाडीपर्यंतचा बदल रेघेविना, जोडपीस दुर्बल, भुकटी नाही आणि सोबत पंखाचे पीसही मिळाले, असे सगळे जुळले तर ‘कावळा’. पंखाचे पीस नाही, पण बाकी सर्व जुळते, तर ‘बहुधा कावळा’. कोकिळाची शंका फिटत नसेल, तर ‘काळे पीस, मध्यम आकार’. माझ्या वहीत सर्वांत जास्त पाने या तिसऱ्या शब्दप्रयोगाची आहेत, आणि आषाढातल्या त्या ५८ मिलिमीटरच्या पिसासमोरही, जिन्याच्या खिडकीबाहेरच्या आंब्यावर त्या दिवसांत कोकीळ ओरडत होता म्हणून, तेच लिहिलेले आहे.